विसालची मावशी

"ही माझी मावशी," विसाल म्हणाली, आणि यामनानं आधी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. धक्क्यावरचा नवा गुळगुळीत दगड होता, त्यावरून वाऱ्याबरोबर लोळत चाललेली एक कागदी पिशवी होती, आणि पलीकडं पाण्यात पांढऱ्या होड्या दुकानात मांडलेल्या चपलांसारख्या ओळीनं उभ्या होत्या. मग तिच्या ध्यानात आलं की मावशी म्हणजे आपणच. समोर निळ्या गणवेशातला एक तरुण उभा होता. विसाल ज्या हॉटेलात स्वागताला बसते तिथलाच, झुबैर नावाचा. त्यानं हात छातीवर ठेवला, मान झुकवली आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "मावशी, अल्ला तुम्हाला धीर देवो."

"आमीन, बाळा," यामना म्हणाली. असल्या वाक्याला हेच उत्तर द्यायचं असतं. ते तोंडातून आपोआप बाहेर पडलं. मग झुबैर हॉटेलाच्या काचेच्या दाराकडं गेला आणि विसाल, जणू काही झालंच नाही अशी, पुढं चालायला लागली. "इकडून ये, आई. इथं पूर्वी सगळी गोदामं होती. आता बघ कसं मोकळं केलंय." आई म्हणाली. आत्ता आई म्हणाली. यामनाच्या जिभेवर प्रश्न आला, आणि तिचे बहुतेक प्रश्न जिथं बसतात तिथंच तोही बसून राहिला. शर्की वारा सुटला होता. टँजिअरमध्ये हा पूर्वेचा वारा वाहायला लागला की माणसं उगाच भांडतात, पोरं शाळेत ऐकत नाहीत, असं विसालनंच सकाळी स्टेशनवर हसत हसत सांगितलं होतं. त्या वाऱ्यानं यामनाचा पायघोळ जेलाबा पायांत गुंडाळला जात होता, डोक्यावरचा रुमाल सुटत होता. धीर कशासाठी देवो? सासू वारली त्याला वर्ष होत आलं होतं. त्याबद्दल म्हणाला असेल. विसालनं सांगितलं असेल कधीतरी, आजी गेली म्हणून. पण मग मावशी कशाला?

लाज वाटत असेल हिला. यामनानं स्वतःकडं पाहिलं. तपकिरी जेलाबा ईदला शिवलेला, चांगला होता. हातातली पिशवी मात्र तेलकट झाली होती. आत ऑलिव्हच्या तेलाचा डबा आणि फडक्यात बांधलेल्या थरांच्या पोळ्या. खुरीबगाहून पहाटेची गाडी, मग कासाब्लांकात ती वेगवान गाडी, एवढ्या प्रवासात तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. पण जिची आई म्हणून लाज वाटते ती बाई मावशी म्हटल्यानं कुठं उजळते? लाजच असती तर गावाकडची कुणी ओळखीची बाई, असं म्हणाली असती. यामनाला आपली खरी बहीण आठवली, इझ्झा, बेनी मल्लालची. तिचा तो सोन्याचा दात, मोठा आवाज आणि प्रश्न. इझ्झा घरात शिरली की चप्पल काढायच्या आत तिचे प्रश्न सुरू होत. पगार किती वाढला, भाडं कोण भरतं, लग्नाचं काय, ती शेजारीण अजून रुसलेली आहे का. यामनाला त्यानं कानकोंडं व्हायचं. तिच्या स्वतःच्या घरात कुणी कुणाला काही विचारत नसे. ज्याला सांगायचं तो सांगेल. नवरा, बूअझ्झा, फॉस्फेटच्या खाणीत होता; एकदा त्याच्या शेजारचा माणूस मातीखाली गेला, तेव्हा तो घरी येऊन दोन दिवस नुसता हात धूत बसला होता. यामनानं विचारलं नाही. पाणी गरम करून देत राहिली. हात लाल झाले तेव्हा तेल लावलं. पुढं कधीतरी तो एवढंच म्हणाला होता की तुझ्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं. ते वाक्य तिनं इतकी वर्षं कपाटातल्या चांगल्या कपड्यासारखं जपलं होतं.

"तू ऐकतेयस ना?" विसाल म्हणाली.

"ऐकतेय. गोदामं होती."

गोदामं होतीच. यामनाला माहीत होतं. ती या धक्क्यावर पूर्वी एकदा येऊन गेली होती, लग्नाआधी, बापाबरोबर, थोरला भाऊ सालाह फ्रान्सला निघाला तेव्हा. तेव्हा इथं डांबराचा आणि माशांच्या आतड्यांचा वास होता, गंजलेलं कुंपण होतं, आणि कुंपणापाशी गठुडी, चटया, रडणाऱ्या बायका यांची नुसती दाटी. पोलिसांनी त्या दोघांना आत सोडलं नाही. बापानं तिला खांद्याला धरून पुढं सरकवलं, "बघ, दिसतोय का." तिला जहाजाचं फक्त धुराडं दिसलं होतं. "दिसतोय," ती म्हणाली होती. बापानं समाधानानं मान हलवली. सालाहनं पहिल्या वर्षी फ्रिज पाठवला, पुढं फोटो पाठवले, पुढं काही पाठवलं नाही. आज तिथं कुंपण नव्हतं. लोक आइसक्रीम खात हिंडत होते, एक जोडपं होड्यांकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढत होतं, आणि पाण्याला कसलाही वास नव्हता. कुंपण कुठून कुठवर होतं ते शोधायचा तिनं प्रयत्न केला. सापडेना. जिथं माणूस नाहीसा होतो ती जागाच त्यांनी पुसून साफ केली होती, आणि त्यावर बाक ठेवले होते. तिला वाटलं, आपल्याला इथं बसता यायचं नाही.

विसालनं तिला वर नेलं, जुन्या गावात. चढाच्या गल्ल्या, पायऱ्या, पुन्हा पायऱ्या. ही पोर लहानपणी कधी इतकी बोलत नव्हती. "हा छोटा चौक, इथं पूर्वी जगातले सगळे हेर बसायचे." "हे दार बघ, अंदालुसियाहून आलेल्यांचं." "इथून कसबा सुरू होतो, जुना किल्ला, जरा दम घे." यामनाला हळूहळू कळलं की हा आवाज तिच्यासाठीचा नव्हे. हा हॉटेलातला आवाज होता. परक्या पाहुण्यांना नकाशा पुढं सरकवून, पेनानं गोल करून, इथं जा, तिथं जा, असं सांगतात तो. वाक्याच्या शेवटी थोडं हसू. मध्ये शांतता पडू न देण्याची काळजी. आपण मुलीकडं आलेलो नाही, हे शहर बघायला आलोय, असं काहीतरी सकाळपासून चाललं होतं. परतीचं तिकीटसुद्धा पोरीनं संध्याकाळच्याच गाडीचं काढलं होतं. उद्या ड्यूटी आहे, आई. यामनाच्या पिशवीच्या तळाशी रात्रीचे कपडे घडी घालून ठेवलेले होते. त्यांच्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

मोठ्या चौकाच्या कडेला डोंगरातल्या बायका रंगीत गोंड्यांच्या रुंद टोप्या घालून बसल्या होत्या, पुढ्यात पामच्या पानांवर शेळीच्या दुधाचं पांढरं पनीर. त्यांच्यापलीकडं एका गाड्यावरून विसालनं कालिंती घेतली, हरभऱ्याच्या पिठाचा भट्टीत भाजलेला जाड मऊ थर, वर जिरं आणि मीठ, कागदावर. गरम होती. यामनाची टाळू भाजली, आणि त्या भाजण्यानं तिला क्षणभर बरं वाटलं. विसाल तिच्याकडं बघत होती. हॉटेलातलं हसू गेलं होतं. डोळ्यांखाली काळं होतं, ते सकाळी स्टेशनवर दिसलं नव्हतं की दिसून यामनानं बाजूला ठेवलं होतं?

"वाळलीस तू," यामना म्हणाली.

"सगळ्या आया हेच म्हणतात."

सगळ्या आया. यामनानं कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि टाकायला जागा दिसेना म्हणून पिशवीत ठेवली.

मार्शानच्या कड्यावर त्या पोचल्या तेव्हा वारा इतका होता की बोलायला ओरडावं लागत होतं. तिथं सपाट खडक आहे आणि त्या खडकात फार जुन्या काळी कुणीतरी थडगी कोरून ठेवली आहेत, माणसाच्या मापाच्या आयताकृती कुंड्यांसारखी, केव्हाची रिकामी. काहींत पावसाचं पाणी साचलं होतं. कडेला बसून पोरीबाळी, म्हातारे, कॉलेजातली मुलं सूर्यफुलाच्या बिया सोलत समुद्राकडं बघत होती. एक बाई आपल्या तान्ह्याला अशाच एका थडग्यात वाऱ्याच्या आडोशाला निजवून शेजारी विणत होती. "बस ना," विसाल म्हणाली. यामना उभीच राहिली. पलीकडं स्पेनचे डोंगर दिसत होते, घरंसुद्धा दिसत होती, पांढरी, मूठभर मीठ सांडल्यासारखी. मेलेल्यांच्या जागेवर बसून लोक किती मजेत होते. आपल्याकडं पाय लागला तरी माफी मागतात. ती बाई विणता विणता हात लांब करून मुलाच्या पोटावर ठेवायची, श्वास बघायची, पुन्हा सुई हातात घ्यायची. विसालनं त्या मुलाकडं पाहिलं आणि तोंड समुद्राकडं फिरवलं. यामनाला ते दिसलं. हेही दिसलं आणि हेही तिनं ठेवून दिलं.

"मला आत जायचंय," ती थोड्या वेळानं म्हणाली.

"कुठं आत?"

"लघवीला."

विसाल गोंधळली. "खाली हॉटेलात जाऊ."

"तिथवर नाही जमायचं मला. तुझी खोली कुठं आहे?"

"लांब आहे."

"सकाळी तू म्हणालीस, मार्शानच्या उतारावर, द्रादेबमध्ये. हा उतारच ना?"

 विसाल उठली आणि पुढं चालू लागली, नेहमीपेक्षा भरभर. द्रादेबची गल्ली अरुंद होती, नळाला बादल्या लागल्या होत्या, वरच्या मजल्यांवरून वाळत घातलेल्या चादरी वाऱ्यानं फडाफड आपटत होत्या. इथं तेलाचा, साबणाचा, तळलेल्या माशांचा वास होता, आणि यामनाला दिवसभरात पहिल्यांदा वाटलं की आपण कुठंतरी आलो. एका हिरव्या दारापाशी विसाल थांबली. तिनं यामनाचा हात धरला. बोटं गार होती.

"आई, वर लल्ला मन्नाना असेल. घरमालकीण. तिच्यासमोर मी तुला मावशी म्हणेन."

"बरं."

"का ते—"

"बरं म्हटलं ना," यामना म्हणाली. "आधी मला वर जाऊ दे."

लल्ला मन्नाना म्हणजे साठीपलीकडची ठेंगणी गोरी बाई, कमरेला उत्तरेकडचं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड, हातात पीठ. तिनं दार उघडलं, यामनाकडं पाहिलं, आणि पिठाचे हात दोन्ही बाजूंना पसरून तिला छातीशी धरलं. काही विचारलं नाही, काही बोलली नाही, नुसती धरून उभी राहिली. यामनाला घाई होती, ती अवघडली, पण सोडवून घेववेना. कितीतरी दिवसांत तिला असं कुणी धरलं नव्हतं. "तसाच चेहरा असणार," लल्ला मन्नाना शेवटी म्हणाली. "बहिणी ना. ये, ये, मोरी तिकडं आहे."

मोरीतून बाहेर आली तेव्हा विसाल नव्हती. "पाव आणायला पाठवलीय," लल्ला मन्नाना म्हणाली. तिनं डाळीसारखा घट्ट बिसारा वाढायला घेतला, वर तेल, वर जिरं. "मुद्दामच पाठवली. तिच्यापुढं बोलवत नाही मला. अजून डोळे भरतात पोरीचे. तुझी बहीण गेली, त्याचं मला फार वाईट वाटलं. मी कधी पाहिली नाही तिला, पण घरातलंच माणूस गेल्यासारखं झालं."

यामनानं चमचा उचलला होता. तो तिनं ताटलीच्या कडेला टेकवला. तिला एकच बहीण होती, आणि त्या बहिणीनं परवाच फोनवर अर्धा तास सुनेची गाऱ्हाणी सांगितली होती. मग, अगदी सावकाश, चुलीवरचं पाणी तळातून उकळायला लागावं तसं, तिला कळलं. विसालच्या मावशीची बहीण. विसालची मावशी ती स्वतः. तर मग गेली ती कोण.

"कधी?" तिच्या तोंडून निघालं. मग तिनं सावरून घेतलं. "म्हणजे, इथं कधी कळलं तुम्हाला?"

"ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत नव्हे का गेली ती? हॉटेलातून एका पोरीनं हिला टॅक्सीत घालून आणलं. रंग गेलेला, ओठ पांढरे. आई गेली म्हणाली आणि इथं, या कोपऱ्यात पडली. गावाला जा म्हटलं, मातीला तरी जा. तर म्हणे पोचेपर्यंत सगळं उरकेल. चार दिवस अन्नाला शिवली नाही. मी शेजारी निजायचे. पोट धरून रडायची गं. मी पुष्कळ मरणं पाहिली, पण आईसाठी असं पोट धरून रडणारी पोर नाही पाहिली." लल्ला मन्नानानं डोळे पदरासारख्या त्या पट्ट्यांच्या कापडाला पुसले. "मग आम्ही इथंच तिच्या नावानं कुराण पढवलं. गल्लीतल्या बायका आल्या. कुसकुस केला, मशिदीच्या दारात वाटला. हॉटेलातली माणसंही आली होती, दुखवट्याचे साखरेचे गड्डे घेऊन. यामना ना गं तिचं नाव? यामनासाठी सगळी गल्ली रडली."

आपलं नाव आपल्याच समोर असं उच्चारलेलं ऐकून यामनाच्या मानेवर काटा आला. घाबरली मात्र नाही. तिला एक चमत्कारिक कुतूहल वाटलं. कुसकुसात काय घातलं होतं? भोपळा होता का? तो आपल्याला आवडतो हे विसालनं सांगितलं असेल का? त्या दिवशी खुरीबगात आपण काय करत होतो? शिडीवर असणार. शेजारच्या वाडीत ऑलिव्ह झोडपत, हात काळे झालेले, जिवंत. आणि इथं या कोपऱ्यात बायका गोळा होऊन आपल्यासाठी रडत होत्या. कुठल्याच बाईच्या वाट्याला आयुष्यात आपल्यासाठी कितीजण रडले हे ऐकणं येत नाही. मग राग आला. उशिरा आला, पण अंगभर आला. जिवंत आईला पोरीनं मारलं, पुरलं, वर जेवण घातलं. कुणाच्या तोंडून असलं अभद्र निघतं?

"काय सांगायची आईबद्दल?" तिनं विचारलं. आवाज कोरडा होता. लल्ला मन्नानाला तो दुःखाचा वाटला असावा.

"फार नाही सांगायची. एकदा म्हणाली, लल्ला, माझी आई कधी काही विचारायची नाही. तिला कळायचं सगळं. पण विचारायची नाही."

"हे चांगलं म्हणून सांगितलं की वाईट म्हणून?"

लल्ला मन्नानानं हात थांबवला. "ते काही मला कळलं नाही, बहिणी," ती म्हणाली.

विसाल पाव घेऊन आली. दारातच तिनं दोघींच्या चेहऱ्यांकडं पाहिलं, आणि पाव मुकाट्यानं मध्ये ठेवला. तिघी जेवल्या. बिसारा चांगला होता. लल्ला मन्नाना नव्या धक्क्याबद्दल बोलत राहिली. पूर्वी तिचा नवरा तिथं माल उतरवायचा, आता तिथं बसायला गेलं तर रखवालदार विचारतात काय हवंय म्हणून. पण दिवे छान लावलेत हो, आणि बायकांना संध्याकाळी हिंडता येतं, ते आमच्या वेळी कुठं होतं. यामना हो हो म्हणत होती. निघताना म्हातारीनं तिला पुन्हा छातीशी धरलं आणि कानात म्हणाली, "हिला एकटी टाकू नका तुम्ही लोक."

स्टेशनकडं जायला समुद्राच्या कडेनं लांब रस्ता आहे. त्याच्या कडेला त्यांनी ताडाची झाडं लावलीत, धावणाऱ्यांसाठी लाल पट्टा आखलाय. ऊन उतरायला आलं होतं. सगळं गाव बाहेर पडल्यासारखं दिसत होतं, म्हाताऱ्या हातात हात घालून, बाप पोरांना सायकल शिकवत. वारा वाळू उडवत होता, ती दातांत येत होती.  हॉटेलातला तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे, आणि तो गेल्यावर दोघींच्या मध्ये एवढी मोठी जागा रिकामी झाली होती की यामनाला चालताना तोल जातोय असं वाटत होतं. रागाचे सगळे शब्द तिच्याकडं तयार होते. दर दिव्याच्या खांबापाशी ती ठरवायची, आता. खांब मागं पडायचा. पोट धरून रडायची गं. हे वाक्य मध्येच यायचं आणि रागाची घडी विस्कटून टाकायचं. तिला कड्यावरची ती विणणारी बाई आठवली, तिचा तो लांब होणारा हात. विसालनं फिरवलेलं तोंड. यामना थांबली. एका बाकावर, समुद्राकडं तोंड करून, धपकन बसली.

"विसाल, तू कशासाठी रडत होतीस?"

"कधी?"

"मी मेले तेव्हा."

विसाल उभीच होती. तिच्या केसांनी तोंड झाकलं गेलं होतं, तिनं ते बाजूला केले नाहीत. मग ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मध्ये तेलाची पिशवी.

"कामावरच सुरू झालं," ती म्हणाली. "पाहुण्यांचं सामान वर पाठवत होते. पोटात कळ आली. आत गेले. मग कितीतरी रक्त. तीन महिने होत आले होते."

 पुढून एक माणूस फुगे घेऊन गेला.

"कुणाचं?"

"होता एक. आता पलीकडं आहे, स्पेनमध्ये. त्याला मी कळवलंच नाही. शिव्या दे, आई. मला काही वाटणार नाही."

"मग?"

"मग बाहेर आले तर मॅनेजरबाई उभी. काय झालं, काय झालं. मला रडू थांबेना. खरं सांगितलं असतं तर त्याच दारानं घालवून दिली असती, घरमालकिणीनंही. माणसाचं काय गेलं म्हणजे इतकं रडलेलं चालतं? एकच आठवलं. म्हटलं, आई गेली. लगेच सगळ्यांनी जवळ घेतलं. पाणी दिलं, शाल दिली. मला वाटलं दोन दिवस, मग काहीतरी करून फिरवू. पण कुराण पढवल्यावर, कुसकुस वाटल्यावर कसं फिरवायचं?"

"बापाला मारायचंस."

विसालच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "बाबांचं नाव आलंच नाही गं तोंडात. तूच हवी होतीस मला. म्हणून तुझंच आलं."

"मग फोन करायचास."

"केला होता. शुक्रवारी. तू म्हणालीस, सर्दी झालीय वाटतं, रानपुदिना उकळून पी."

यामनाला तो शुक्रवार आठवला. फोन खांद्यात धरलेला, हातात पळी, आणि पलीकडून आलेलं ते ओलं, जड 'आई'. सर्दीचा आवाज कुठल्या आईला ओळखू येत नाही? ती सर्दी नव्हती. तिला तेव्हाच माहीत होतं. क्षणभर हातातली पळी थांबली होती, तोंड उघडलंही होतं, आणि मग तिनं रानपुदिना सांगितला होता, कारण ज्याला सांगायचं तो सांगेल. पोरगी त्या कोपऱ्यात पडून वाट बघत होती, आणि मध्ये एवढा सगळा देश पसरलेला, एक शब्द विचारला असता तर ओलांडता येण्यासारखा. बापाला तिनं धुराडं बघून दिसतोय म्हटलं होतं. सगळेजण एकमेकांना असंच काहीबाही सांगून समाधानानं घरी गेले होते.

तिनं मधली पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि सरकली. मग ती विचारायला लागली. दुखलं का फार. डॉक्टर कुणी बघितलं का नंतर. एकटीनंच गेलीस? रक्त कधी थांबलं. आता पाळी नीट येते का. तो माणूस कसा होता, हात उगारायचा का. तुला हवं होतं का ते? या शेवटच्या प्रश्नावर विसाल वाकली, कपाळ गुडघ्यांना टेकवलं, आणि मानेनंच हो म्हणाली. यामनानं तिच्या पाठीवर हात ठेवला. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायका थबकल्या, आणि काही दुःख असेल म्हणून हलक्या पावलांनी पुढं गेल्या. राग होता अजून. तो कुठं जाणार होता? पण तो आता आपल्या जागी बसला होता आणि हाताला आड येत नव्हता.

"गाडीची वेळ झाली, आई," विसाल कितीतरी वेळानं म्हणाली.

"जाऊ दे."

द्रादेबच्या चढावर दिवे लागत होते. लल्ला मन्नानानं दार उघडलं, दोघींकडं पाहिलं. "काय गं, गाडी चुकली?"

"लल्ला," विसाल म्हणाली. तिनं हनुवटी वर केली होती. "तुम्हाला एक सांगायचंय. ही माझी—"

"मावशी चार दिवस राहतेय," यामना मध्येच म्हणाली. "तुमची अडचण नसेल तर."

"अडचण कसली आलीय?" म्हातारी बाजूला झाली. "मी दुपारीच म्हणणार होते. माय मरो आणि मावशी जगो, हे उगाच नाही म्हणत. आत या, वारा येतोय घरात."

विसालनं यामनाकडं पाहिलं. यामनानं चपला काढल्या, तेलाचा डबा म्हातारीच्या हातात दिला, आणि फोन घेऊन गच्चीवर गेली. चादरी काढून नेल्या होत्या, दोऱ्या नुसत्या गुणगुणत होत्या. खाली उतारावरची घरं, त्याखाली धक्का, तिथले नवे दिवे पाण्यात लांब लांब झालेले. तिनं बूअझ्झाला फोन लावला.

"गाडीत बसलीस?" तो म्हणाला.

"नाही. मी राहतेय इथं."

"बरं," तो म्हणाला, आणि ती ओळखून होती की आता तो फोन ठेवणार.

"ठेवू नको. का ते विचार मला."

पलीकडं त्याचा खाणीतला खोकला आला, गेला. टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"का?" बूअझ्झा म्हणाला. त्या शब्दाची त्याला सवय नव्हती, तो अडखळत आला.

"पोरगी फार रडलीय. एकटीच रडलीय. आपल्याला कळलं नाही."

 यामनानं कठड्याला पाठ टेकली आणि थांबून राहिली. खालून बशा मांडल्याचा आवाज येत होता, विसाल म्हातारीला काहीतरी सांगत होती.

"मग मी येऊ का?" तो म्हणाला. "उद्याची गाडी आहे."

"ये," यामना म्हणाली. "पण निघायच्या आधी एक नीट ऐकून घे. इथं मी वारलेली आहे."